सिक्युरिटी गार्डचं ट्रेनिंग कुठून करावं? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले नेहमीचे प्रश्न

गार्डचं लायसन कुठे काढून मिळतं?

कुठेच नाही, कारण गार्डच्या नावाने लायसन निघतच नाही. लायसन लागतं एजन्सीला. २००५ साली केंद्राने खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा केला, तो मार्च २००६ पासून लागू झाला. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून (PSARA) या धंद्यात सगळे त्याला ‘पसारा’ म्हणतात. या कायद्याखाली राज्याचे नियंत्रक अधिकारी एजन्सीला पाच वर्षांचं लायसन देतात. गार्डजवळ असाव्या लागतात तीन गोष्टी: ट्रेनिंग पुरं केल्याचा दाखला, पोलिसांची चारित्र्य पडताळणी आणि एजन्सीने दिलेलं फोटोचं ओळखपत्र. लोक ‘लायसनवाला गार्ड’ म्हणतात तो हाच. तेव्हा ‘एवढे पैसे द्या, लायसन करून देतो’ असं कोणी म्हटलं, तर तो एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतोय.

मी पात्र आहे का?

भारतीय नागरिक, वय १८ पूर्ण आणि ६५ च्या आत. कोर्टात शिक्षा झालेली नसावी. सैन्यातून किंवा पोलिसांतून गैरवर्तनासाठी काढून टाकलेलं नसावं. शिक्षणाची इयत्ता कायद्यात लिहिलेली नाही, पण ओळखपत्रावरची इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता आले पाहिजेत असं नियमात आहे. एजन्स्या आठवी किंवा दहावी मागतात ती त्यांची स्वतःची अट.

उंची, छाती, नजर यांचं काय?

केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे पुरुषाला १६० सेंटिमीटर उंची, छाती ८० आणि फुगवून ४ सेंटिमीटर जास्त. महिलांना उंची १५०, छातीची अट नाही. एक किलोमीटर सहा मिनिटांत पळता आलं पाहिजे. म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाच्या अडीच फेऱ्या, दर फेरी २ मिनिटं २४ सेकंदांत. हे जमतं. ऊसतोडीत किंवा शेतात राबलेल्या माणसाला आठ-दहा दिवसांचा सराव पुरे होतो, दुकानात बसून काम केलेल्याला महिना लागतो.

खरी अडचण येते ती डोळ्यांची. चष्मा चालतो, चष्म्यासकट दूरचं ६/६ दिसलं म्हणजे झालं. पण रंगांधळेपणा चालत नाही, कारण यंत्रावरचा लाल आणि हिरवा दिवा ओळखावा लागतो. रंगांधळेपणा असलेल्या बऱ्याच जणांना तो आहे हेच ठाऊक नसतं आणि फी भरून, वीस दिवस घालवून शेवटच्या तपासणीत ते कळतं. म्हणून फी भरण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायची चाचणी करून घ्या. सपाट तळवे आणि गुडघ्याला गुडघा घासणं हेही तेव्हाच दाखवून घ्या. नोकरी लागल्यावर दर बारा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी होते.

ट्रेनिंग किती दिवसांचं? तीन दिवसांत दाखला देतो म्हणतात.

वर्गात किमान १०० तास, मैदानावर किमान ६० तास आणि हे सगळं किमान २० कामाच्या दिवसांत पसरलेलं. १६० भागिले २०, म्हणजे रोज आठ तास. ‘फक्त रविवारी या’ म्हणणाऱ्याकडे रविवारी आठ तास बसलात तरी वीस रविवार लागतील, म्हणजे जवळजवळ पाच महिने. तीन दिवसांत हे बसवणारा माणूस तुम्हाला कागद विकतोय, बाकी काही नाही. चांगल्या साइटवर पहिल्याच तपासणीत तो उघडा पडतो, कारण दाखल्यावरची सुरुवातीची आणि शेवटची तारीख तिथे आधी बघतात.

माजी सैनिक आणि माजी पोलिसांना सूट आहे: ४० तास वर्ग, १६ तास मैदान, किमान ७ कामाचे दिवस.

ट्रेनिंगच्या वाटा किती आणि माझ्यासाठी कोणती?

इथे घाई करू नका, कारण पैसा आणि महिना दोन्ही याच निवडीवर जातात.

पहिली वाट एजन्सीची. आधी एजन्सीत नाव घालायचं, तीच ट्रेनिंग देते आणि साइट लावते. कायद्याने गार्डला ट्रेनिंग मिळालं की नाही हे बघणं एजन्सीचंच काम आहे. हातात पैसे नसतील आणि नोकरी लगेच हवी असेल, तर ही वाट बरी. धोका एवढाच की ऊस गाळपाचा सीझन सुरू झाला, साखर कारखान्यांना पन्नास माणसं एकदम हवी झाली, की ट्रेनिंग कागदावर राहतं आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी गेटवर उभे. मग चार महिन्यांनी सीझन संपतो आणि हातात ना दाखला ना नोकरी. म्हणून नाव घालतानाच विचारा: ट्रेनिंग किती तारखेपासून, कुठे, दाखला कोणाच्या सहीचा, आणि ट्रेनिंगचा खर्च पगारातून कापणार का.

दुसरी वाट खासगी ट्रेनिंग संस्थेची. फी तुमची, दाखला तुमच्या हातात, एजन्सी बदलली तरी तो चालतो. ज्याला दोन-तीन एजन्स्या बघून मग निवडायची आहे त्याला हे सोयीचं. मात्र संस्था राज्याच्या नियंत्रक अधिकाऱ्यांनी मान्य केलेली हवी. ‘गव्हर्नमेंट रजिस्टर्ड’ अशी पाटी म्हणजे ती मान्यता नव्हे. दुकानसुद्धा गव्हर्नमेंट रजिस्टर्ड असतं. मान्यतेचं पत्र मागा, त्यावरची तारीख वाचा.

तिसरी वाट सरकारी कौशल्य योजनांची. ग्रामीण घरातल्या १५ ते ३५ वयाच्या मुलामुलींना दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत फुकट ट्रेनिंग मिळतं, निवासी केंद्र असलं तर राहणं-जेवणही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतही बिनहत्यारी गार्डचा कोर्स आहे. कर्नाटकात नोंदणी ‘कौशलकर’ या राज्याच्या पोर्टलवर होते. केंद्राच्या २०२० च्या आदर्श नियमांनी गार्डचा अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याशी जोडला आहे, त्यामुळे या वाटेचं वजन वाढलंय. उणीव ही की बॅच भरेपर्यंत थांबावं लागतं आणि केंद्र बेळगावातच असेल असं नाही. आणखी एक: दाखल्यावर तास लिहिलेले आहेत का ते बघून घ्या. नुसतं ‘उत्तीर्ण’ लिहिलं असेल तर एजन्सी पुन्हा ट्रेनिंगला बसवू शकते.

आमचं मत विचाराल तर वय तिशीच्या आत, घरची निकड नाही: सरकारी योजना. घर चालवायचं आहे: एजन्सी, पण लायसन बघून. स्वतःच्या पैशाने संस्था हा तिसरा पर्याय ठेवावा, कर्ज काढून तर मुळीच नको.

एजन्सी खरी आहे हे कसं ओळखायचं?

तिच्या ऑफिसात जा आणि भिंत बघा. कायद्याच्या १२ व्या कलमाने लायसन किंवा त्याची प्रत दिसेल अशी लावावी लागते. त्यावर तीन गोष्टी वाचा: मुदत कधी संपते, एजन्सीचं नाव आणि जिल्हे. जिल्हे महत्त्वाचे. लायसन एका जिल्ह्याचं असतं, दोन ते पाच जिल्ह्यांचं असतं किंवा अख्ख्या राज्याचं. फक्त धारवाडचं लायसन असलेली एजन्सी बेळगावच्या उद्यमबागेत माणूस उभा करू शकत नाही. ‘रिन्यूअलला पाठवलंय’ असं उत्तर मिळालं तर अर्जाची पोच दाखवा म्हणावं. बिनलायसनी एजन्सी चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा २५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, पण तिचं शटर बंद झालं की अडकलेला पगार तुमचा असतो.

कोल्हापूरच्या एजन्सीत नाव आहे. ती मला बेळगावात ड्युटी देऊ शकते का?

तिच्याकडे कर्नाटकचं वेगळं लायसन असेल तरच. महाराष्ट्राचं लायसन सीमेवर संपतं. उलट बाजूनेही तेच: बेळगावची एजन्सी तुम्हाला वेंगुर्ला रस्त्यावर शिनोळीच्या एमआयडीसीत किंवा निपाणीपलीकडे कागलला पाठवत असेल, तर तिच्याजवळ महाराष्ट्राचं लायसन हवं, चोर्ल्याने खाली उतरून गोव्यात पाठवत असेल तर गोव्याचं. गार्डला मात्र राज्याची आडकाठी नाही. कर्नाटकात राहणारा माणूस तिन्ही राज्यांत काम करू शकतो.

मुंबईचे भावजी ‘सुरक्षा रक्षक मंडळा’त आहेत. इथे तसं नाव नोंदवता येतं का?

नाही. ते मंडळ महाराष्ट्राच्या १९८१ च्या कायद्याने आलेलं आहे, तो कायदा कर्नाटकात लागू नाही. ‘मंडळात नाव घालतो’ म्हणून बेळगावात पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून घरी या.

पोलीस पडताळणीला किती वेळ लागतो आणि अडतं कुठे?

नियमाप्रमाणे पोलिसांनी ९० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. एकदा झालेली पडताळणी तीन वर्षं चालते. अर्ज ‘सेवा सिंधू’ या राज्याच्या पोर्टलवर भरता येतो, मोबाईलवर जमत नसेल तर गावच्या ग्राम वन केंद्रात किंवा शहरात ‘बेळगाव वन’ केंद्रात. शहर हद्दीतला अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे जातो, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी वगैरे तालुक्यांतला जिल्हा पोलिसांकडे. हिंडलगा, पिरनवाडी अशा शहराला लागून असलेल्या गावांतल्यांनी आपलं ठाणं कोणतं ते आधी विचारून घ्यावं. चुकीच्या ठाण्यात गेलेला अर्ज फिरून यायला आठवडे जातात.

अडतं ते जुन्या पत्त्यांवर. गेल्या पाच वर्षांत तुम्ही जितक्या जिल्ह्यांत राहिलात, तितके फॉर्म भरावे लागतात. खानापूरचा मुलगा दोन वर्षं म्हापशाला हॉटेलात राहिला असेल तर उत्तर गोव्याचा फॉर्म वेगळा. हे लपवून चालत नाही. बीट हवालदार घरी आला की शेजारी प्रामाणिकपणे सांगतात, ‘तो तर गोव्यात होता की’, आणि अहवाल लटकतो.

आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर नाव वेगवेगळं आहे.

सीमाभागात दर दुसऱ्या घरात हे आहे. मराठी शाळेच्या दाखल्यावर ‘पाटील मारुती परशराम’, आधारवर ‘मारुती पी. पाटील’, रेशन कार्डावर कन्नडमधून आलेलं तिसरंच स्पेलिंग. पडताळणीआधी सगळीकडे नाव एकच करून घ्या. दहावीच्या मार्क कार्डावरचं नाव बदलणं लांबलचक असतं, त्यामुळे सोपं हे की आधारच मार्क कार्डाप्रमाणे करून घ्यायचं आणि मग बँक पासबुक, पीएफ सगळं त्यावरून. पीएफच्या खात्यात नाव चुकलं तर नोकरी सोडताना पैसे काढायला जीव मेटाकुटीला येतो.

कन्नड येत नाही. अडेल का?

दाखला मिळायला अडत नाही, गेटवर अडतं. चार वाक्यं पाठ करा: ‘निम्म हेसरू एनू?’ (तुमचं नाव काय?), ‘यारन्न भेटी आगबेकू?’ (कोणाला भेटायचंय?), ‘इल्ली सही माडरी’ (इथे सही करा), ‘गाडी अल्ली निल्लसरी’ (गाडी तिथे थांबवा). शेवटचं ‘री’ विसरू नका, त्यातच ‘अहो-जाहो’ आहे. याशिवाय कन्नड आकडे ओळखायला शिका, सरकारी ऑफिसांच्या आणि जुन्या बसच्या पाट्यांवर ते असतात. रजिस्टर बहुतेक ठिकाणी इंग्रजीत लिहितात. गाडीचा नंबर लिहिताना पहिली अक्षरं चुकवू नका: केए २२ बेळगाव, २३ चिकोडी, ४९ गोकाक, एमएच ०९ कोल्हापूर. रात्री दोन वाजता आलेल्या ट्रकची चौकशी तिसऱ्या दिवशी होते आणि तेव्हा तुमच्या हातची ती एक ओळच साक्षीला असते.

ट्रेनिंगमध्ये शिकवतात काय? चांगला वर्ग कसा ओळखायचा?

गणवेश आणि वागणूक, इमारतीची आणि मालाची राखण, ओळखपत्र तपासणं, गर्दी आवरणं, आग, प्रथमोपचार, संशयास्पद वस्तू, फिर्याद कशी द्यायची, पोलीस आणि लष्करातल्या हुद्द्यांची चिन्हं, कायद्याची तोंडओळख. विषय सगळीकडे हेच. फरक हाताला काय लागतं त्यात आहे. प्रवेश घेण्याआधी एक दिवस जाऊन बसा आणि तीन गोष्टी बघा.

एक, आग. आग विझवायचा सिलिंडर फक्त पडद्यावर दाखवतात की तुमच्या हातात देतात? सहा किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. ज्याने एकदाही चालवलेला नाही त्याची निम्मी पावडर ज्वाळेच्या शेंड्यावर उडून जाते. दाब दाखवणारी सुई हिरव्या पट्ट्यात आहे ना बघायची, पिन ओढायची, बाहेर पडायची वाट पाठीशी ठेवायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबून डावी-उजवीकडे फिरवायची. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचं भोंग्यासारखं तोंड उघड्या हाताने धरायचं नाही, गारठ्याने कातडी भाजते. आणि साखर कारखान्यावर जाणार असाल तर बगॅसच्या, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चिपाडाच्या, ढिगाबद्दल विचारा. ती आग वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. तिथे पावडरचा उपयोग नाही, पाणी आणि ढीग उकरणं हाच इलाज. हे सांगू न शकणाऱ्या शिक्षकाने कारखाना बाहेरूनच पाहिलाय.

दोन, झडती. हातातला मेटल डिटेक्टर अंगाला न लावता, थोडं अंतर राखून, खांद्यापासून पायापर्यंत पुढून आणि मग मागून एकाच वेगाने फिरवायचा. पट्ट्याच्या बकलवर तो वाजणारच. ‘बकल असेल’ म्हणून सोडून देण्याची सवय लागते आणि नेमकी तिथेच वस्तू असते. पट्टा काढायला सांगून पुन्हा फिरवायला शिकवतात का, ते बघा.

तीन, कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. हातात दिलेल्या झेरॉक्समध्ये स्वसंरक्षणाचा हक्क अजून ९६ ते १०६ कलमांत असेल तर नोट्स जुन्या आहेत. आता तो ३४ ते ४४ कलमांत आहे. गार्डला पोलिसांचे अधिकार नसतात. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४० व्या कलमाने कोणीही नागरिक आपल्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडू शकतो, मात्र विनाकारण उशीर न करता आणि जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. केबल चोराला रात्रभर केबिनमध्ये बांधून ठेवून सकाळी साहेबांना दाखवणं, यात चोराबरोबर गार्डवरही गुन्हा दाखल होतो. पकडलं की लगेच पोलिसांच्या ११२ नंबरला फोन.

माजी सैनिकाला वेगळी वाट आहे का?

आहे, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्याने इथे अशी माणसं भरपूर. छोटा कोर्स वर सांगितलाच. कायद्यानेही गार्ड घेताना माजी सैनिक, पोलीस आणि होमगार्ड यांना प्राधान्य आहे. डिस्चार्ज बुक आणि पेन्शन मंजुरीचा आदेश (पीपीओ) घेऊन आधी सैनिक कल्याण आणि पुनर्वसन खात्याच्या ऑफिसात नाव नोंदवा. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाने पुरस्कृत केलेल्या एजन्स्या सरकारी कंपन्यांत माणसं लावतात. तिथलं काम मिळत असेल तर गल्लीतल्या एजन्सीकडे जायचं कारण नाही. थेट सुपरवायझर म्हणूनच लागा, सैन्यातल्या तीन वर्षांच्या अनुभवाला तिथे प्राधान्य आहे.

बंदूकवाला गार्ड झालो तर पगार जास्त. ते कसं?

ट्रेनिंगमध्ये हत्यार हा ऐच्छिक विषय आहे, तो केला म्हणून बंदूक मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना स्वतःच्या नावाने लागतो. तो नोकरीच्या आशेवर काढायला बसू नका. ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांनी परवान्याची हद्द वाचावी. फक्त कर्नाटकापुरता असेल तर ती बारा बोअरची बंदूक घेऊन शिनोळीला ड्युटीवर जाणं हाच गुन्हा होतो.

महिलांना काम मिळतं का?

मिळतं, आणि बऱ्याचदा लवकर मिळतं. महिलेची झडती महिलेनेच घ्यायची असते, त्यामुळे हॉस्पिटल, कॉलेज, मॉल, वसतिगृह यांना महिला गार्डशिवाय चालत नाही. रात्रपाळी असेल तर ने-आण कोण करणार आणि ड्युटीच्या जागेजवळ स्वच्छतागृह आहे का, हे नाव घालतानाच विचारून घ्या.

पगाराच्या स्लिपमध्ये काय बघायचं?

कर्नाटक सरकारचं किमान वेतन, त्यावर दर एप्रिलला बदलणारा महागाई भत्ता. पीएफ १२ टक्के, ईएसआय (कामगार राज्य विमा) तुमच्या वाट्याचा ०.७५ टक्के. एजन्सीचा ईएसआयचा हिस्सा ३.२५ टक्के आहे, तो तुमच्या पगारातून कापला जात नाही ना ते बघा. बारा तासांची ड्युटी इथे रिवाजच झालीय, पण आठवड्याला ४८ तासांच्या वर गेलेलं काम जादा धरून दुप्पट दराने मिळायला हवं. डबल ड्युटीचे तास स्वतःच्या वहीत तारखेसकट लिहून ठेवा. रिलीव्हर (पुढच्या पाळीचा गार्ड) आला नाही म्हणून थांबलात तर तेही.

गणवेश खाकी चालतो का?

पोलीस किंवा लष्करासारखा दिसणारा गणवेश घालणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घालणाऱ्यालाही आणि एजन्सीच्या मालकालाही. नियमातला गणवेश असा: हाताच्या दंडावर एजन्सीचा बिल्ला, डोक्यावर एजन्सीची खूण असलेली टोपी, लेसचे बूट, आणि दोरीला अडकवलेली शिट्टी डाव्या खिशात. शिट्टी शोभेची नाही, अंधारात रेंज गेली की तीच उरते.

दहा वर्षं वॉचमन आहे, ट्रेनिंग कधी झालंच नाही. आता काय?

अनुभवाला मान्यता देणारा ‘आरपीएल’ नावाचा मार्ग कौशल्य योजनांत आहे. थोडी उजळणी, मग परीक्षा आणि दाखला. तुमच्या एजन्सीला तो पुरेसा आहे का, हे आधी तिच्याकडून लेखी घ्या. नसेल तर २० दिवसांचं ट्रेनिंग देणं तिच्यावर आहे, आणि त्या दिवसांचा पगार कापणार नाही हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

एजन्सी सोडताना काय द्यायचं, काय घ्यायचं?

ओळखपत्र परत द्यायचं, ते एजन्सीचं आहे. हरवलं असेल तर तसं लगेच कळवायचं. घ्यायचं ते ट्रेनिंगचा मूळ दाखला, अनुभवाचं पत्र आणि पीएफचा यूएएन नंबर. मूळ दाखला ‘ऑफिसात जमा’ करायची पद्धत काही ठिकाणी आहे. पहिल्याच दिवशी झेरॉक्स द्या आणि मूळ घरच्या ट्रंकेत ठेवा.